मी स्वयंपाकघरात होते

९ फेब्रुवारी

तुझं पत्र परवा मिळालं. पत्राच्या डोक्यावर मोठ्यांनी आशीर्वाद लिहायचा असतो. मी तो या वेळी लिहिलेला नाही. विसरले म्हणून नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू शोधत बसणार नाहीस.

तुरुंगात आलेली पत्रं तिथले साहेब आधी वाचतात, असं तुझा वकील म्हणाला. वाचू देत. साहेब, माझं अक्षर लागत नसेल तर सांभाळून घ्या. तीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवली, लिहायची वेळ कधी आली नाही.

तू तीन गोष्टी मागितल्या आहेस. तुझी बायको पाय घसरून टेबलाच्या कडेवर पडली, असं मी कोर्टात सांगावं. तिला तिच्या माहेरी पाठवून द्यावं. आणि पोरीला काही म्हणजे काही सांगू नये, साडेतीन वर्षांचं लेकरू आहे, चार दिवसांत विसरून जाईल.

शेवटून सुरू करते. त्या रविवार दुपारला दोन महिने झाले. पोर विसरलेली नाही, आणि बोलतही नाही. टिटवी हे नाव तूच ठेवलंस ना? हिला भूक लागली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे, म्हणून. ती टिटवी आता शब्द काढत नाही. भांडं पडलं की चपलांच्या फळीखाली जाऊन बसते आणि चपला अंगावर ओढून घेते. बालवाडीत दोनदा चड्डी ओली केली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आजी, हिला कुणालातरी दाखवा. मी म्हटलं, दाखवायचं काय त्यात, घाबरलीय, होईल नीट. घरी आले तर तिने बाहुलीचं डोकं उपटून उशीखाली ठेवलेलं. मग बाईंना फोन केला.

आता दुसरी गोष्ट. तुझी बायको माझ्याकडे राहते. पुन्हा वाच. माझ्याकडे. घर माझ्या नावावर आहे आणि कुणी राहायचं ते मी ठरवते. डोक्याचे अकरा टाके निघाले, मनगटाचं प्लास्टरही निघालं. चष्म्याच्या दुकानातली तिची जागा मालकाने धरून ठेवलीय, पण तिच्या बोटांत अजून तो बारीक स्क्रू ठरत नाही. रोज संध्याकाळी जुनी फ्रेम घेऊन बसते आणि सराव करते.

आणि कोर्टाचं. मी काय सांगणार? मी स्वयंपाकघरात होते. मिक्सर चालू होता. मला काही ऐकू आलं नाही. पोलिसांना तेच सांगितलं आहे. जे पाहिलं नाही ते मी सांगायची नाही, तुझ्या बाजूनेही नाही आणि तिच्याही नाही.

आई


२ मार्च

तू लिहितोस, पोरीला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून फार रागावत नाही. काय झालं ते ऐक.

बालवाडीच्या बाईंनी सांगितलेल्या दवाखान्यात, मुलांच्या विभागात, एक्स-रेच्या खोलीशेजारी, एक खोली आहे. आत सतरंजी, बुटकी कपाटं, वाळूचा ट्रे, एक लाकडी घर, त्यात बोटाएवढी माणसं, खेळण्यातली अँब्युलन्स. मोठ्यांना बसायला खुर्ची नाही. खाली बसायचं. माझ्या गुडघ्यांनी तिथेच कुरकुर सुरू केली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. पायांत वेगवेगळ्या रंगांचे मोजे. मी मनात म्हटलं, झालं, हिला स्वतःचे मोजे जुळवता येत नाहीत. त्यांना मी खेळाच्या बाई म्हणते.

पहिल्यांदा त्यांनी मला आणि तुझ्या बायकोला, दोघींनाच बोलावलं. म्हणाल्या, "मूल एवढं लहान असलं की त्याच्या एकट्यावर उपचार होत नाहीत. त्याला सांभाळणारी माणसंही बरोबर लागतात. तुम्ही दोघी दर आठवड्याला याल का?"

मी म्हटलं, "घाबरली ती आहे, आमचं काय?"

"तुम्ही नाही घाबरलात?"

मी पिशवीचा बंद गुंडाळत बसले. तुला माहीत आहे, मला गप्प बसवणं सोपं नाही.

दुसऱ्या खेपेला पोरीला नेलं. ती आईच्या पाठीमागे. बाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "तू का आलीस ते सांगू? तुझ्या घरी बाबाने आईला खूप मारलं. आईच्या डोक्यातून रक्त आलं. तू ते पाहिलंस. तू खूप घाबरलीस. तेव्हापासून तू बोलत नाहीस आणि चपलांमध्ये जाऊन बसतेस. इथे येणाऱ्या मुलांनी पण भीतीच्या गोष्टी पाहिलेल्या असतात. इथे त्या खेळून दाखवता येतात. आई आणि आजी तुला मदत करायला आल्यात."

मी उठले. खरंच उठले, पिशवी उचलली. म्हटलं, "बाई, लेकराच्या तोंडावर असं बोलतात का?"

बाई शांतच. म्हणाल्या, "आजी, तिच्याकडे बघा."

पोर आईच्या मागून बाहेर आली होती. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती एखाद्या माणसाच्या तोंडाकडे सरळ बघत होती. कुणीतरी शेवटी खरं बोललं, असा तिचा चेहरा होता. मी खाली बसले. गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा तुझी तिसरी मागणी आता संपली. तिला सांगून झालं आहे.

आई


२४ मार्च

हे तुला लिहू की नको, असा चार दिवस विचार केला. लिहिते. तुझं लेकरू आहे, तुला माहीत हवं.

पोर आईला मारते. पहिल्यांदा घरीच झालं. जेवताना आईने घास पुढे केला आणि पोरीने फाडकन तोंडात मारली. उघड्या हाताने, मान तिरकी करून. मान तिरकी करून कोण मारतं, ते मी तुला सांगायला नको. आणि तुझी बायको, तिने हात वर केले नाहीत, पोरीला दटावलं नाही. डोळे मिटून बसली. पोरीने आणखी दोन मारल्या. मी तिला उचलून बाहेर नेलं, तर ती माझ्या खांद्याला चावली. व्रण अजून आहे.

खेळाच्या बाईंकडे पण तेच. वाळूत खेळता खेळता उठली आणि आईच्या गालावर मारली. मी म्हणणार होते, चांगली दोन लगावा, म्हणजे कळेल. ते तोंडात आलं आणि मी ते गिळलं. आपल्या घरात हेच औषध आहे, ते मला तिथे सतरंजीवर बसून कळलं.

बाई पोरीला नाही, तुझ्या बायकोला म्हणाल्या, "ती हात उगारते तेव्हा तुम्हाला कोण दिसतं?"

तिने मनगट चोळलं. मग म्हणाली, "तो."

"ती किती वर्षांची आहे?"

"साडेतीन."

"तिचा हात केवढा आहे?"

हिने पोरीचा हात हातात घेतला आणि बघितला. एवढासा. नखांत वाळू. मग रडायला लागली, टाके पडले तेव्हा रडली नव्हती तशी. पोर घाबरून मागे सरकली. बाई म्हणाल्या, "आता तिला सांगा, तुम्हाला काय सांगायचंय ते."

हिने डोळे पुसले. म्हणाली, "मारायचं नाही. मी तुला मारू देणार नाही. आणि कुणालाही मी तुला मारू देणार नाही. कुणालाच."

पोरीने परत हात उगारला. हिने तो हवेत धरला, घट्ट नाही, नुसता धरला, आणि तेच पुन्हा म्हणाली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पोर आईच्या मांडीवर चढली आणि अंगठा तोंडात घालून पडून राहिली.

मला तुझ्या बायकोचा अभिमान वाटला. हे मी तिला बोलले नाही, सवय नाही. तुला लिहिते आहे. तुला झोंबेल, झोंबू दे.

आई


१५ एप्रिल

तुझं पत्र आलं. 'तिने माझी आई पण माझ्यापासून तोडली,' असं लिहिलं आहेस. अरे, मी काय कॅलेंडरचं पान आहे, कुणीही तोडावं? मला जे लिहायचं आहे त्यात तिचा हात नाही. ती या वेळी दुकानात आहे, आजपासून अर्धा दिवस जायला लागली. पोर बालवाडीत आहे. घरात मी एकटी आहे.

गेल्या मंगळवारी पोरीने लाकडी घर मांडलं. बाबा, आई, मुलगी, आजी, सगळी माणसं घेतली. बाबाला आईच्या अंगावर आपटलं. एकदा, दोनदा, किती वेळा ते मी मोजलं नाही. मुलीला कपाटाखाली ढकललं. खेळाच्या बाई फक्त सांगत होत्या, "बाबा मारतो आहे. मुलगी लपली. तिला खूप भीती वाटते आहे." मग त्यांनी विचारलं, "आजी कुठे आहे?"

पोरीने आजीची बाहुली उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली.

मी लगेच म्हटलं, "आजी स्वयंपाक करतेय, होय ना?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग खेळायच्या मातीतून दोन गोळ्या काढल्या, वाटाण्याएवढ्या, आणि एकेक करून त्या बाहुलीच्या कानांवर दाबून बसवल्या. नीट, अंगठ्याने. आणि बोलली. चार महिन्यांनी बोलली. "आजीला ऐकू येत नाही."

तुझी बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी ती माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत होती, कारण माहेरी तिला थारा नव्हता आणि जायला दुसरी जागा नव्हती. आणि मी तिला ठेवून घेतलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत होते.

आता साहेब, तुम्हीही नीट वाचा. मला ऐकू आलं होतं. पहिल्या आवाजापासून. ती 'नको' म्हणाली ते ऐकू आलं, टेबल सरकलं ते ऐकू आलं, पोर किंचाळली ते ऐकू आलं. मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. रिकामा मिक्सर लावला आणि झाकणावर हात दाबून उभी राहिले. तुझ्या आवाजापेक्षा तो मोठा होता. बंद केला तेव्हा घरात शांत झालं होतं. मग मी बाहेर आले.

ती पहिली वेळ नव्हती. त्याआधी मी बादली नळाखाली लावायचे, रेडिओ लावायचे.

खेळाच्या बाई म्हणाल्या, "आजी, तिने तुम्हाला काहीतरी सांगितलं. तुम्हाला तिला काही सांगायचंय?"

मला पळून जायचं होतं. पण पोर वाट बघत होती, रे. ती बाहुली हातात धरून वाट बघत होती. मी म्हटलं, "आजीला ऐकू येत होतं. आजी आली नाही. आजी पण घाबरली होती, पण आजी मोठी आहे, तिने यायला हवं होतं. आजी चुकली."

पोरीने थोडा विचार केला. मग बाहुलीच्या एका कानावरची माती काढली. दुसऱ्या कानावरची तशीच ठेवली. एवढीच माफी मिळाली मला. तेवढीही माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.

घरी जाताना बसमध्ये मी तुझ्या बायकोला म्हटलं, "तुला माहीत होतं."

ती म्हणाली, "आई, आपला मिक्सर भरलेला असला की आवाज वेगळा येतो."

उतरताना तिने माझी पिशवी घेतली.

आई


६ मे

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ आहे. 'बाबांनी तुला मारलं तेव्हा तू कुठे कोर्टात गेलीस?'

नाही गेले. बरोबर आहे. हा प्रश्न तू मला टोचायला विचारलास, पण विचारलास ते बरं झालं. खेळाच्या बाईंनीही विचारलं होतं, की तुमच्या घरात हे आधी कुणी पाहिलं होतं का. मी घरी येऊन दोन दिवस धड जेवले नाही.

तू पाहिलं होतंस. पाच वर्षांचा असशील. पलंगाखालून तुझे फक्त पाय दिसायचे. सगळं शांत झालं की मी तुला बाहेर काढायची, तोंड धुवायची आणि म्हणायची, काही झालं नाही. माझा ओठ फुटलेला असायचा आणि मी म्हणायची, काही झालं नाही, बाबा दमून आलेत. एकदा तू माझ्या ओठाला हात लावून म्हणालास, "रक्त." मी म्हटलं, "रंग आहे, कारखान्यातला." तू मान्य केलंस. मूल आईवर विश्वास ठेवणार नाही तर कुणावर ठेवणार?

तुझ्यासाठी तेव्हा अशी खोली नव्हती, सतरंजी नव्हती. मी होते, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. मी तुला वाचवते आहे असं मला वाटायचं. मी तुला एकटं सोडत होते. याची माफी मी तुझ्याकडे मागते, साहेबांसमोर, लेखी.

पण तू यातून सवलत काढू नकोस. तुझा बाप मारायचा म्हणून तू मारलंस, असं कोर्टात सांगायला वकिलाला आवडेल. मला ते चालणार नाही. पलंगाखालच्या त्या मुलासाठी मी रडेन, आयुष्यभर रडेन. टेबलाजवळच्या त्या पुरुषासाठी खोटं बोलणार नाही. ते दोघेही तूच आहेस, आणि दोघांचीही आई मीच आहे.

पोलिसांकडे जाऊन मी माझा जबाब बदलून आले. पंधरा जूनला साक्ष आहे. तुला आधी सांगते आहे, म्हणजे तिथे दचकायला नको.

आई


१७ जून

तू परवा माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मात्र तुझ्याकडे बघूनच बोलले. तुझे केस फार बारीक कापलेत.

तुझ्या वकिलाने मला उभं-आडवं घेतलं. "आधी पोलिसांना सांगितलंत की काही ऐकू आलं नाही?"

"हो. खोटं सांगितलं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"बोलत होते. पंचवीस-तीस वर्षं बोलत होते. हात बसला होता."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"मग आज तुम्ही खरं बोलता आहात, यावर विश्वास का ठेवायचा? सुनेने शिकवलं असेल."

मी म्हटलं, "साहेब, तेव्हा खोटं बोलले, कारण त्यात माझा मुलगा मला मिळत होता. आज खरं बोलून तो जातो आहे. शिकवलेली बाई असा सौदा करते का?"

त्याने पुढे विचारलं नाही. बाहेर आल्यावर तुझी काका-काकू मंडळी उभी होती. काकू म्हणाली, "कशी आई आहेस तू?" मी म्हटलं, "उशिरा झालेली." आणि चालू लागले. तोऱ्यात चालले खरी, पण कोपऱ्यावर वळल्यावर भिंतीला धरून उभी राहिले. तुझी बायको पाणी घेऊन आली. भिंतीला टेकून शेजारी उभी राहिली.

आई


२९ जुलै

तुला झालेली शिक्षा मी कोर्टात ऐकली. लोक म्हणतात, मन घट्ट कर. मला घट्ट करायचं नाही. घरी येऊन रडले, पोरीसमोर रडले. तिने विचारलं, "आजी का रडते?" मी म्हटलं, "तुझ्या बाबासाठी." रंग आहे, कांदा आहे, असं काही म्हटलं नाही.

ती आता बोलते. बोलते कसली, डोकं उठवते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काल जिन्यात तक्रार केली आणि मी त्यांना पेढे देईन की काय असं झालं. सगळं सुरळीत नाही. भांडं पडलं की अजून दचकते, पण फळीखाली जात नाही, आईकडे धावते. आणि आई आता तिच्याकडे धावते. तुझी बायको पूर्ण दिवस दुकानात जाते. ऑक्टोबरपासून ती वेगळं घर घेणार आहे, दोन गल्ल्या पलीकडे. मी विचारलं नाही का म्हणून. किल्ली मला देणार आहे, एवढं तिने आपणहून सांगितलं.

मंगळवारी खेळाच्या खोलीत पोरीने विचारलं, "बाबा कुठे आहे?" मी बाईंकडे बघितलं, बाई आईकडे. तुझी बायको म्हणाली, "तुरुंगात. मोठ्या माणसांनी मारायचं नसतं. त्याने मारलं म्हणून त्याला तिथे ठेवलंय. तुझी काही चूक नव्हती. त्याला तू आवडतेस, पण आता तो आपल्या घरी येणार नाही."

पोर वाळू चाळत राहिली. मग म्हणाली, "त्याच्याजवळ कोण आहे?"

मी म्हटलं, "मी जाईन."

तेव्हा मी येते आहे. पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार, अर्ज मंजूर झाला आहे. पोरीला आणणार नाही. ती मोठी होऊन मागेल तेव्हा तिची आई ठरवेल, मी नाही आणि तूही नाही. जबाब मी परत घेणार नाही, तो विषय काढू नकोस. पलंगाखाली तू काय काय ऐकलंस, ते मला ऐकायचं आहे. सगळं. मध्ये बोलणार नाही.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. उठून निघून जायचं असेल तर जा, तो तुझा हक्क आहे. पण भेटीची वेळ वीस मिनिटांची असते, आणि ती वीसच्या वीस मिनिटं मी त्या बाकावर बसून राहणार आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

आई